निळ्या पुस्तकावरची चिठ्ठी

नवंकोरं पुस्तक उघडायचं कसं, हे टिटवीला विचारावं. ते धाडकन मधोमध उघडायचं नसतं. आधी त्याची पाठ टेबलावर टेकवून ते उभं धरायचं. मग पुढचा पुठ्ठा हळूच खाली, मागचा पुठ्ठा हळूच खाली. मग पुढून चार पानं, मागून चार पानं, पुन्हा पुढून, पुन्हा मागून, आणि दर वेळी आतल्या घडीवरून बोट असं फिरवायचं, की जणू झोपलेल्या मांजरीची पाठ. शेवटी दोन्हीकडची पानं मध्यावर भेटतात आणि पुस्तकातून कुर्रर्र असा बारीक आवाज येतो. ग्रंथालयाच्या बाई म्हणतात, तो शिवणीचा आवाज. टिटवी म्हणते, छे, पुस्तक जांभई देतं.

आता टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. गेल्या वर्षीपर्यंत ही पोरगी इतकी मुकी होती की वर्गात समोर बसलेली असताना सरांनी तिची गैरहजेरी लावली होती, आणि हिनं तीही निमूट लागू दिली होती! मग एके दिवशी कार्यालयात कुणीच नव्हतं म्हणून हरवलेल्या छत्रीची घोषणा हिला ध्वनिक्षेपकावरून करावी लागली. "एक काळी छत्री सापडली आहे," एवढंच म्हणायचं होतं. हिनं छत्रीचं वय, स्वभाव, मोडलेली काडी आणि मालकाविना तिची झालेली अवस्था असं चार मिनिटं सांगितलं. अख्खी शाळा पोट धरून हसली. हसं झालं म्हणून नव्हे, मजा आली म्हणून. हा फरक टिटवीला तिथंच कळला, आणि त्या दिवशी जे तोंड उघडलं ते उघडलंच. नाव पडलं टिटवी.

आणि म्हणूनच तर बाईंनी तिला पहिली वाचक केलं.

ते ग्रंथालय सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होतं. लाकडी जिना, वर एक लांबट खोली, आणि तिच्या टोकाला काचेच्या दाराची एक एवढीशी खोली: नव्या पुस्तकांची. इथला एक रिवाज होता. मुलांसाठी आलेलं कुठलंही नवं पुस्तक फळीवर ठेवण्याआधी एका मुलानं किंवा मुलीनं वाचायचं आणि पिवळ्या चिठ्ठीवर एकच ओळ लिहायची. हे पुस्तक कुणासाठी आहे? वय लिहायला बंदी. बाईंचं म्हणणं, वय म्हणजे चप्पल, सहा महिन्यांत लहान होते. माणूस कसा आहे ते लिहा.

ही चिठ्ठी इतकी वर्षं पुस्तकाच्या शेवटी, मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवायचे. टिटवी आली आणि म्हणाली, "बाई, मागं आत कोण बघायला जातंय? भाजीवाली काय चांगली भाजी टोपलीच्या तळाशी लपवते?"

बाई हसल्या. तीस वर्षांत असा उत्साह त्यांनी फार वेळा पाहिला नव्हता. "बरं बाई, लाव समोर."

मग काय, टिटवीला आभाळ ठेंगणं झालं. खोक्यातून अठरा नवी पुस्तकं आली होती. दुपारभर ती काचेच्या खोलीत बसायची. ऊन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवरून उतरत उतरत जमिनीवर यायचं आणि तिथंच पसरून राहायचं. शाई, डिंक आणि कागद यांचा मिळून एक वास असतो, तो डोक्यात हळूहळू चढतो. बाहेरचे आवाज दूर जायचे. खालच्या दुकानातला सायकलच्या घंटीचा ट्रिंग सुद्धा कुठल्यातरी दुसऱ्या गावातून आल्यासारखा वाटायचा. एक पुस्तक मिटायचं, दुसरं जांभई द्यायचं, आणि टिटवी लिहायची:

'ज्याला एकट्यानं जिना उतरायची भीती वाटते त्याच्यासाठी.'

'जिची जिवलग मैत्रीण आता दुसरीचीच जिवलग झालीये तिच्यासाठी.'

'धाकटं भावंड नको होतं, पण झालं, अशांसाठी.'

सगळ्यात शेवटी निळं पुस्तक आलं. गर्द निळं, आत वाचनखुणेची लाल फीत शिवलेली. त्यात एक मुलगी तळ्याकाठी राहत होती. तिची आई होडी चालवायची. एके सकाळी आई बोलेनाशी झाली. रागावली नव्हती, रडत नव्हती, नुसती बोलेनाशी झाली. मुलीला वाटलं, आईचा आवाज तळ्यात पडला असणार. मग ती रोज थोडी थोडी खोल जायला लागली. तळाशी एक अख्खं गाव होतं आणि तिथली माणसं बोलायची तेव्हा एकेक शब्द बुडबुड्यासारखा तोंडातून निघून वर वर जायचा, आणि तो वर पोहोचून फुटेपर्यंत सगळे थांबून राहायचे. कुणालाच घाई नव्हती.

टिटवीनं ते एका बैठकीत वाचलं. वाचता वाचता काचेची खोली पाण्यानं भरत गेली, दाराची मूठ हिरवट झाली, आणि बाई "अगं, बंद करायची वेळ झाली" असं म्हणाल्या तेव्हा तिला तो शब्द वर जाऊन फुटण्याची वाट बघावी लागली. मग तिनं लिहिलं:

'ज्यांच्या घरात कुणीतरी बोलेनासं झालंय त्यांच्यासाठी.'

आणि ती चिठ्ठी तिनं निळ्या पुठ्ठ्यावर अगदी मधोमध, तळहातानं दाबून दाबून चिकटवली. फीत शेवटच्या पानात ठेवली. झालं!

सात आठवडे गेले.

सोमवारी बाईंनी तिला टेबलापाशी बोलावलं. त्यांच्यासमोर नव्या पुस्तकांच्या तारखेच्या पट्ट्या होत्या. पुस्तक घरी गेलं की त्या पट्टीवर तारखेचा शिक्का पडतो. एक सोडून सगळ्या पट्ट्या कोऱ्या करकरीत.

"एकच गेलं," बाई म्हणाल्या, "यंत्रांचं."

'ज्याला दिसेल ते उघडून बघायची खोड आहे त्याच्यासाठी,' असं त्याच्यावर होतं. त्याच्यासाठी तर मारामारी झाली होती.

"आणि बाकीची?"

"ही पसंतीवर आलेली पुस्तकं, टिटवे. आठ आठवड्यांत एकदा तरी घरी गेली तर आपली. नाही गेली तर खोकं परत. येत्या शनिवारी आठ आठवडे होतात."

"पण ती इतकी छान आहेत! चिठ्ठ्यासुद्धा किती..." टिटवी थांबली. "बाई, चिठ्ठ्या वाईट आहेत का?"

"नाहीत," बाई म्हणाल्या. "खऱ्या आहेत." आणि त्या चष्मा पुसत बसल्या. बाई चष्मा पुसायला लागल्या की समजायचं, पुढचं आपलं आपण शोधायचं.

टिटवी तडक नव्या फळीकडे गेली. सतरा पुस्तकं तोंड समोर करून उभी होती. वर्गात कुणीच खेळायला न घेतलेल्या मुलांसारखी. तिनं निळं पुस्तक काढलं आणि उघडलं, तर लाल फीत बेचाळिसाव्या पानात!

फीत तर शेवटच्या पानात ठेवली होती. तिनं स्वतः ठेवली होती.

मंगळवारी फीत एकाहत्तरवर होती. तारखेची पट्टी कोरीच. बुधवारी फीत एकशेबारावर. कुणीतरी हे पुस्तक इथंच, उभ्या उभ्या किंवा लपून, रोज थोडं थोडं खोल जात वाचत होतं. टिटवीला रात्रभर नीट झोप लागेना. डोळे मिटले की तिला ती लाल फीत दिसायची, पाण्यात सोडलेल्या दोरीसारखी हळूहळू खाली जाणारी, आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे ते दिसायचं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्या सुटल्या ती येऊन काचेच्या खोलीत दबा धरून बसली. खोक्यांच्या मागं, गुडघे पोटाशी. कितीतरी वेळ काहीच घडलं नाही. एक आजोबा आले, पेपर चाळून गेले, त्यांच्या जागी दोन मुली येऊन बसल्या. ऊन कोपऱ्यातल्या पृथ्वीच्या गोलावरून सरकलं. आणि मग जिना करकरला, जिन्यावरून माणूस नाही तर कपाट येतंय असा करकरला, आणि आत आली गोलकी.

गोलकी म्हणजे टिटवीच्याच वर्गातली, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. खांदे दारात अडकतील असे. हसली की खिडक्या हलायच्या. मास्तरांची नक्कल, मुख्याध्यापिकांची नक्कल, चेंडूची सुद्धा नक्कल करायची. ती ग्रंथालयात! टिटवीला वाटलं, हिचा चेंडू वर आला असणार.

गोलकीनं इकडं तिकडं पाहिलं. मोठा नकाशांचा ग्रंथ उचलला. जाता जाता नव्या फळीवरून निळं पुस्तक अलगद काढलं, चेंडू पोटाशी घ्यावा तसं पोटाशी घेतलं, आणि कोपऱ्यातल्या गोलामागं जाऊन नकाशांच्या आत ठेवून वाचायला लागली. ओठ हलत होते. चेहऱ्यावर एकही नक्कल नव्हती. टिटवीनं तिचा नुसता चेहरा त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. काचेतून तो असा दिसत होता, जसा तळाशी पडलेला गोटा पाणी हललं नाही तरच दिसतो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! टिटवी काचेचं दार ढकलून बाहेर, आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं, तू होतीस होय! ते मी लिहिलंय! चिठ्ठी माझी आहे! म्हणजे तुझ्या घरी पण कुणी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत तिला दिसलं की आपण काय बोलतोय. पण शब्द काही बुडबुडा नव्हता, वर जाऊन फुटेपर्यंत थांबायला. पेपरवाल्या टेबलाशी बसलेल्या दोन मुलींनी माना वळवल्या होत्या.

गोलकीनं पुस्तक मिटलं. "कुणी काय? मी नकाशा बघत होते," ती म्हणाली. "हे मधेच कुणीतरी कोंबलेलं." आणि ती जिना तीन तीन पायऱ्यांनी उतरून गेली.

टिटवीची आई चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची. फिरत्या दगडावर पाण्याची बारीक धार, आणि त्यात धरलेली काच. घासत घासत ती चौकटीच्या मापाची होते. टिटवी स्टुलावर येऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. न थांबता, श्वासही न घेता.

"नळ बंद कर," आई म्हणाली.

"कुठला?"

"तोंडाचा. जरा वेळ."

दगड फिरत राहिला. आईनं काच उजेडात धरली, पुसली, पुन्हा पाण्यात धरली. मग म्हणाली, "ही कुणाची आहे ठाऊक आहे?"

"नाही."

"तुझ्या वर्गातल्या त्या पोराची. ढापण्या म्हणता ना तुम्ही त्याला."

"त्याला खूप नंबर आहे का गं?"

"ते मी तुला का सांगू?"

"सहज विचारलं."

"काचेवर लिहिलाय का नंबर?"

"काचेवर कुणी लिहितं का, आई!"

"का बरं? लिहायला काय झालं? समोरच्याला लगेच कळेल, ह्याला लांबचं दिसत नाही, हिला जवळचं दिसत नाही. सोय किती!" आईनं काच कापसात ठेवली. "नंबर कागदावर असतो, सोनू. कागद खिशात असतो. नाकावर बसतो तो नुसता चष्मा. म्हणून तर लोक घालतात."

टिटवी बराच वेळ काही बोलली नाही. आईनं दोनदा वळून पाहिलं, पोरगी ठीक आहे ना म्हणून.

शुक्रवारी गोलकी आली नाही. फीत एकशेबारावरच होती. ती गुरुवारची पानं वाचून फीत हलवायला सुद्धा थांबली नव्हती.

"बाई, चिठ्ठ्या काढून टाकू?" टिटवीनं विचारलं.

"काढून बघ," बाई म्हणाल्या आणि एक जुनं फाटकं पुस्तक तिच्यासमोर सरकवलं. टिटवीनं त्यावरची चिठ्ठी सोलली, तर पुठ्ठ्यावरचा चित्राचा थर तिच्याबरोबर उठून आला. "हा डिंक असाच आहे. तुझ्यासारखा. एकदा चिकटला की झालं."

"कागदी वेष्टन घालू?"

"सतरा पुस्तकांना एकसारखं भुरं वेष्टन? मग मुलं कोणतं उचलतील, आणि का?"

म्हणजे एकच वाट उरली. निळं पुस्तक कुणीतरी शनिवारपर्यंत घरी न्यायला हवं. एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. आणि टिटवीपाशी कार्ड होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? टिटवीलाही तसंच वाटलं होतं. पण पुस्तकं घरी मिळतात ती शनिवारीच, आणि शनिवारची रांग म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही. अर्धी शाळा तिथं. पुस्तक दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, बाई एकेकाची पट्टी काढणार, शिक्का मारणार. टिटवीनं फळीवरून पुस्तक घेतलं आणि ती रांगेत उभी राहिली. पिवळी चिठ्ठी केवढी मोठी होती! आपण एवढ्या टपोऱ्या अक्षरात का लिहिलं? तिनं त्यावर तळहात ठेवला. मग तिला वाटलं, तळहात ठेवला तर जास्तच दिसतं. तिनं हात काढला. कान गरम झाले. तिच्या घरात तर कुणीही बोलेनासं झालेलं नव्हतं! आई बोलायची, बाहेरगावी कामाला असलेले बाबा रोज फोनवर बोलायचे, आणि ती स्वतः तर विचारूच नका. तरीसुद्धा हे असं होत होतं. मग जिच्या घरात खरंच झालंय तिला इथं उभं राहताना काय होत असेल?

"ज्यांच्या घरात," मागून कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं, "कुणीतरी बोलेनासं झालंय त्यांच्यासाठी." तो ढापण्या होता, नव्या चष्म्यासकट. "टिटवे! तुमच्या घरी कोण बोलेनासं झालंय गं? तू कुणाला बोलू देशील तेव्हा ना!"

रांग खदखदली. कुणीतरी म्हणालं, "टीव्ही बंद पडला असेल." आणखी खदखद.

आणि तेव्हा टिटवीनं मान वळवली तर रांगेच्या पार शेवटी, दाराच्या चौकटीत, गोलकी उभी. हातात काही नाही. नुसती बघत होती.

ओठांवर सगळं तयार होतं. 'माझ्या घरी नाही, दुसऱ्या एका मुलीसाठी नेतेय,' एवढं म्हटलं की सुटका. किंवा काहीतरी चटपटीत, की ढापण्याची बोलती बंद. टिटवीला असली वाक्यं सुचतात, धो धो सुचतात. ती आत्ताही आली, एकामागून एक, घशापर्यंत आली. टिटवीनं ओठ मिटले. अळीमिळी गुपचिळी. वाक्यं आतल्या आत फिरत राहिली आणि मग एकेक करून तळाशी जाऊन बसली. खोली लांब झाली. बाईंचं टेबल दूर, पलीकडच्या काठावर असल्यासारखं दिसायला लागलं आणि ती तिकडं पाण्यातून चालावं तशी एकेक पाऊल सरकत राहिली. हसणं वरच्या वर कुठंतरी विरून गेलं. कुणी उत्तरच देत नसेल तर चिडवणार तरी किती?

"कार्ड," बाई म्हणाल्या. ठप्प. कोऱ्या पट्टीवर जांभळी तारीख उमटली. "हे आपलं झालं," बाई हळूच म्हणाल्या.

टिटवी रांगेशेजारून परत निघाली. ढापण्या तिच्याकडं बघत नव्हता. त्यानं मघाशी हातात धरलेलं क्रिकेटचं पुस्तक खाली ठेवलं होतं आणि आता तो दुसरंच एक छातीशी पालथं धरून उभा होता. पुठ्ठा सदऱ्याकडं, चिठ्ठी आत. धाकट्या भावंडाचं होतं ते. टिटवीनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. एका दिवसात दोन वेळा गप्प! स्वतःवरच तिचा विश्वास बसेना.

गोलकी जिन्यात बसली होती, अर्धा जिना अडवून.

"गप्प का बसलीस गं?" तिनं विचारलं.

टिटवी तिच्या एक पायरी वर बसली. "गुरुवारी बोलले ना. तेवढं पुरे झालं." मग तिनं पुस्तक पुढं केलं. "घे. आता कुणी परत पाठवणार नाही. शिक्का माझ्या कार्डावर आहे. तुझं नाव कुणाला दिसणारसुद्धा नाही."

गोलकीनं पुस्तक घेतलं नाही. "तुला वाटलं मी त्या ढापण्याला घाबरले? त्याला मी एका बोटानं गप्प करीन."

"मग?"

गोलकी खालच्या दुकानातल्या उलट्या टांगलेल्या सायकलीकडं बघत होती. तिचं चाक आपोआप फिरत होतं. "आई झोपून असते," ती म्हणाली. "महिने झाले. दुखत काही नाही. बोलत नाही, एवढंच. डॉक्टर म्हणतात, आजारच असतो हा, वेळ लागेल. मला हे तिला वाचून दाखवायचंय. पण घरी नेलं तर ती पुठ्ठा बघेल ना. दिसेल ती अक्षरं वाचते ती, औषधाच्या बाटलीवरची सुद्धा. मग तिला काय वाटेल? की आपल्यावर चिठ्ठी लागली."

टिटवीला काही सुचलं नाही. आणि गंमत म्हणजे, सुचलं नाही तरी काही बिघडलं नाही. सायकलचं चाक हळू होत होत थांबलं.

"पाणी आहे?" टिटवीनं विचारलं.

गोलकीनं खेळाच्या पिशवीतून बाटली काढली. टिटवीनं रुमाल ओला केला, चिठ्ठीवर ठेवला, आणि दोघी थांबल्या. मग तिनं नखानं कोपरा उचलला.

"फाटेल गं," गोलकी म्हणाली.

"फाटेल."

"बाई?"

"ओरडतील."

"मी काढते. माझे हात..."

"मी चिकटवलीये. मीच काढणार."

जिथं डिंक कमी होता तिथं चिठ्ठी सुटली, जिथं जास्त होता तिथं निळा थर घेऊन आली. 'घरात' गेलं. 'बोलेनासं' गेलं. शेवटी टिटवीच्या हातात एक ओला गोळा उरला आणि पुस्तकाच्या मधोमध पांढरा, वेडावाकडा डाग. अख्ख्या निळ्यात एवढंच पांढरं. खोल पाण्यात कुणी दिवा घेऊन उतरावं आणि काठावरून तो अंधूक दिसावा, तसं काहीतरी दिसत होतं ते. गोलकीनं त्यावरून अंगठा फिरवला.

"छान नाही दिसत," ती म्हणाली.

"अजिबात नाही."

"पण कसलं पुस्तक आहे तेही कळत नाही आता."

दोघी वर गेल्या. रांग संपली होती. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, खिडकीशी नेलं, डागावर उजेड पडू दिला. टिटवीनं सगळं सांगितलं, पण गोलकीच्या आईचं सोडून. "चिठ्ठी काढायची होती. मी काढली. फाटणार हे मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"पुस्तक खराब करणाऱ्याला पहिला वाचक राहता येत नाही, टिटवे. हा नियम तुझ्यामाझ्या आधीचा आहे."

काचेची खोली बाईंच्या मागंच होती. दारातून ऊन, डिंकाचा वास, आणि पुढच्या महिन्यात येणार असलेलं खोकं, ज्यातली पुस्तकं आता दुसऱ्याच कुणाच्या हातात जांभई देणार होती. ती रडली नाही, पण तिच्या आवाजाला ओल आली. "कायमची?"

"वर्षभर." बाईंनी चष्मा पुसला नाही. तो त्यांनी नीट डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडं पाहिलं. "आणि चिठ्ठ्या पुन्हा मागं, आत. ते मला आधीच कळायला हवं होतं. हरभऱ्याच्या झाडावर तू चढलीस, पण शिडी मी धरली होती." मग त्यांनी गोलकीकडं हात केला. "तुझं कार्ड दे. हिच्या कार्डावरून तुझ्या कार्डावर घेऊ. सावकाश वाच. तारीख वाढवून मिळते."

संध्याकाळी टिटवीनं खोकं बांधायला बाईंना मदत केली. पंधरा पुस्तकं परत गेली. जिन्याच्या भीतीचंही गेलं, जिवलग मैत्रिणीचंही गेलं. प्रत्येकाची पाठ तिनं एकदा कुरवाळली. सगळंच काही वाचवता येत नाही. पण जे येतं तेवढं तरी!

रविवारी दुपारी आईनं तिला दुकानातून एका गिऱ्हाईकाकडं चष्मा पोहोचवायला पाठवलं. परतताना ती गोलकीच्या गल्लीतून आली. वाट जरा लांबची होती, पण पाय तिकडंच वळले, त्याला ती काय करणार? दुपार अशी होती की गल्लीतलं काहीच हलत नव्हतं. गच्चीवरचे कपडे स्थिर, मांजर स्थिर, सावल्या भिंतींना टेकून झोपलेल्या. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून आवाज येत होता.

गोलकी वाचत होती. मैदानात ओरडते त्या आवाजात नव्हे. जपून, एकेक शब्द ठेवत. मधेच अडखळत होती, मागं जाऊन पुन्हा वाचत होती. तळाच्या गावापर्यंत पोहोचली होती ती. टिटवी गल्लीत उभी राहिली आणि तिच्याभोवती हळूहळू पाणी भरलं: आधी पायऱ्या, मग दारं, मग सायकली, मग ती मांजर. खिडकीतून एकेक शब्द सुटत होता आणि वर, खूप वर जात होता.

एका ओळीवर गोलकी थांबली. पान संपलं नव्हतं. टिटवीला ती ओळ पाठ होती, पुढचा शब्दही पाठ होता. वर कुणी काही बोलतंय का, हे ऐकायला तिनं कान टवकारले. कुणी बोललं नाही. शांतताच होती. टिटवी ती शांतता तशीच राहू देत उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता येणार नाही.

मग खिडकीत गोलकीचे खांदे आले.

"टिटवे!" ती दबक्या आवाजात ओरडली. "फुकट ऐकतेस होय गं खाली उभी राहून?"

टिटवीनं दोन्ही हात वर केले, पकडलेल्या चोरासारखे.

गोलकीनं मागं वळून आत पाहिलं. जरा वेळ पाहत राहिली. पुन्हा बाहेर डोकावली.

"वर ये," ती म्हणाली. "आईनं उशी सरकवलीये. तुला बसायला. पण ऐक, तोंड उघडायचं नाही."

टिटवीनं ओठांवर बोट ठेवलं, आणि पायऱ्या चढायला लागली.